हिमालयन ४११ : फॉग आधीच बसलेत, आता विंड डिफ्लेक्टर कुठे बसवू?

वारंधा_घाट

नमस्कार मंडळी,

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस-४, २०१९ची. क्रॅश गार्डच्या वरच्या वाकाला दोन्ही बाजूंनी ४०-४० वॅटचे एलईडी फॉग (धुक्याचे दिवे) लावलेत. समोरची काच कंपनीचीच आहे. माझी उंची पाच फूट दहा इंच.

पुणे-कोल्हापूर पट्ट्यात ८०च्या आत काही जाणवत नाही. ९०च्या पुढे काटा गेला की वारा दोन ठिकाणी मारतो. एक तर हेल्मेटच्या वरच्या अर्ध्यावर सारखी थडथड सुरू होते आणि साताऱ्यापर्यंत मान आखडते. दुसरा वारा खालून येतो. टाकीच्या दोन्ही अंगांनी वर चढतो आणि जॅकेटच्या गळ्यात शिरतो. डिसेंबरात पहाटे खंबाटकी चढताना गुडघ्यांपासून वर सगळं बधिर झालेलं असतं.

काचेवर क्लिपने बसणारा छोटा डिफ्लेक्टर घ्यायचा आणि खाली टाकीच्या लोखंडी चौकटीला दोन बाजूचे डिफ्लेक्टर लावायचे, असं डोक्यात आहे. अडचण अशी की बाजूचे डिफ्लेक्टर जिथे यायला हवेत, तिथूनच फॉगची वायर जाते, आणि दिव्याचं डोकंही डिफ्लेक्टरच्या कडेला घासेल असं दिसतंय. कोणी दोन्ही एकत्र बसवलंय का? रात्री काचेवरून उजेड डोळ्यांत येतो का? जूनअखेरीस मनालीहून लेहला जायचंय, त्याच्या आत उरकायचंय.

आळशी_अजगर

गाडी ८०ने चालवा. सगळे प्रश्न सुटतील, पेट्रोलही वाचेल.

(खुर्ची टाकून बसलोय. आपले फिटर नाना कधी येताहेत त्याची वाट बघतोय.)

मु_पो_श्टुटगार्ट

अजगर, थट्टेत खरं बोललात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १००वर गेलात की वेग सव्वापट होतो, पण दाब दीडपटीहून जास्त. आणि तो दाब ढकलायला लागणारी ताकद घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ४११चं इंजिन साधारण २४ बीएचपीचं. त्यातलं किती तुम्ही नुसतं हवा फाडण्यात घालवणार, हे आधी ठरवा. अंगावरचा वारा अडवायला फळीएवढे डिफ्लेक्टर लावलेत, तर पाचव्या गिअरमध्ये चढावर गाडी हवेतच अडकल्यासारखी वाटेल.

हेल्मेटची थडथड वेगळी गोष्ट आहे. ती वाऱ्यामुळे नाही, काचेच्या कडेवरून फाटलेल्या वाऱ्यामुळे होते. खात्री करायची असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगाला क्षणभर पायांवर उभे राहा. वारा जोरात लागेल, पण थडथड थांबेल, कारण डोकं स्वच्छ हवेत आलं. मग थोडं वाकून डोकं काचेच्या आड न्या. तिथेही शांत वाटेल. त्रास होतो तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, आणि पाच-दहा उंचीला तुमचं हेल्मेट नेमकं त्या पट्ट्यात येतंय.

तेव्हा दोन मार्ग. पट्टा डोक्याच्या वर न्या, नाहीतर खांद्यापर्यंत खाली आणा. लोक डोळे झाकून पहिला निवडतात आणि उंच काच घेतात. मी दुसऱ्याच्या बाजूचा. छातीवरचा वारा अडला आणि हेल्मेट स्वच्छ हवेत राहिलं की दिवसभर चालवता येतं. इकडे ऑटोबानवर १३०ला माझी काच हनुवटीच्याही खाली असते.

काच आणि हेडलाइट यांच्या मधली फट बुजवायचा विचार डोक्यात आला असेल तर तो काढून टाका. फटीतून थोडी हवा काचेच्या मागे यावीच लागते. ती आली नाही की काचेमागे पोकळी तयार होते आणि वरून फाटलेली हवा त्या पोकळीत ओढली जाऊन थेट तोंडावर आदळते. क्लिपवाला डिफ्लेक्टर चालतो तो याच तत्त्वावर. त्याच्या आणि मूळ काचेच्या मध्ये बोटभर फट ठेवलेली असते, ती उगाच नसते.

रिले_शिवाय_नाही

वाऱ्याचं मला कळत नाही, विजेचं सांगतो.

४० अधिक ४० म्हणजे ८० वॅट. गाडी चालू असताना १३.५ व्होल्ट धरले तर सहा अँपिअरच्या आसपास. त्यात हेडलाइटचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, आणि बॅटरी फक्त ८ अँपिअर-अवरची. इंजिन बंद करून फॉग चालू ठेवून फोटो काढायची सवय असेल तर धक्का मारायचीही सवय करा.

तुमच्या फॉगची वायर आत्ता कशी आहे ते लिहिलं नाहीत. डिफ्लेक्टरसाठी ती हलवावी लागणारच आहे, तेव्हा एकदाच नीट करा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ३० नंबरच्या टोकाला. ८७वरून दिव्यांना. ८५ अर्थला. ८६ला इग्निशनने चालू होणारी एखादी बारीक लाइन, मध्ये हँडलवरचा स्विच. म्हणजे चावी काढली की दिवे विसरण्याचा प्रश्नच नाही आणि स्विचमधून सगळा करंट जात नाही. स्विचमधून थेट दिवे जोडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांचा स्विच हाताला गरम लागतो.

डिफ्लेक्टरच्या क्लॅम्पखालून वायर नेऊ नका, कितीही सोयीचं दिसलं तरी. खडखडाटाने क्लॅम्प वायरचं कातडं खातो आणि एक दिवस भर पावसात फ्यूज जातो. चौकटीच्या आतल्या बाजूने, जाळीच्या नळीत घालून, दर चार बोटांवर टाय मारून न्या. हँडलकडे जाणाऱ्या वायरला ढील ठेवा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणता कामा नये, क्लच केबल आणि ब्रेकचा होज कशात अडकता कामा नये. हे बघून झालं की मगच टाय कापा.

कोयनेची_लेक

माझीही ४११च आहे, उंची मात्र पाच दोन. मला थडथड अजिबात नाही, कारण मी आख्खी काचेच्या मागे बसते. तेव्हा "अमक्याने हा डिफ्लेक्टर घेतला, झकास आहे" असं कोणी सांगितलं तर आधी त्याची उंची विचारा.

बाजूच्या डिफ्लेक्टरबद्दल एक सांगते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगेतून गाडी चालवली असेल तर कळेल. तिथे वारा समोरून कधी येतच नाही, आडवा येतो. एका ओळखीच्याने दोन्ही बाजूंना ताटाएवढे डिफ्लेक्टर लावले होते, त्याची गाडी तिथे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात होती. लेहच्या वाटेवर पांग सोडलं की मोरेचं मैदान लागतं, चाळीसेक किलोमीटर सपाट, आडोसा कुठेच नाही. दुपारनंतर तिथे आडवा वारा सुटतो. सामानाच्या पेट्या आधीच वारा धरतात, त्यात पुढूनही शिडं लावू नका.

गारठ्यासाठी मी वेगळाच उपाय केला: हँडगार्ड. बोटं गरम राहिली की बाकीचं सोसता येतं. आणि जॅकेटच्या गळ्यात बफ, म्हणजे गळ्याभोवतीची कापडी नळी. मुलगे लोक आधी गाडीला काय लावायचं ते बघतात, अंगावर काय घालायचं ते शेवटी.

वारंधा_घाट

ताई, बफ आहे हो, पण वारा खालून येतो तो बफच्याही आत जातो. 😀

श्टुटगार्टकर, उभं राहून बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, उभं राहिलं की थडथड गायब. म्हणजे काच आहे तीच ठेवून नुसती क्लिप लावू का?

रिलेसाहेब, वायरिंगमध्ये रिले आहे, पण फ्यूज दिव्यांच्या जवळ आहे, बॅटरीजवळ नाही. बदलतो.

रिले_शिवाय_नाही

आजच बदला. फ्यूज दिव्याजवळ असेल तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघड्यावर आहे असं समजा. मध्ये कुठे चौकटीला घासली तर फ्यूजला पत्ताही लागणार नाही, वायर मात्र जळेल. टाकी वरच आहे.

फिटर_नाना

आलो रे अजगरा. पोरा वारंधा, काहीही विकत घ्यायच्या आधी घरातला पुठ्ठा घे.

मी भोसरीला पत्र्याचं काम करत आलो, आता पॉलिकार्बोनेटची कामं जास्त येतात. बाजारातला डिफ्लेक्टर कुठल्या तरी दुसऱ्या गाडीसाठी, दुसऱ्या उंचीच्या माणसासाठी केलेला असतो. तुझ्या गाडीवर वारा नेमका कुठून येतो ते तुलाच शोधायला लागेल. पद्धत सांगतो.

लोकरीचे बोटभर धागे काप. काचेच्या कडेला, टाकीच्या चौकटीला आणि टाकीच्या दोन्ही गालांवर मास्किंग टेपने चिकटव, एक टोक मोकळं. मित्राला शेजारून दुसऱ्या गाडीवर घे, मागे बसलेल्याने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. तू धाग्यांकडे बघायचं नाहीस, रस्त्याकडे बघायचं. घरी येऊन व्हिडिओ हळू करून बघ. जिथे धागा सपाट पडलाय तिथे हवा नीट वाहते, हात लावू नको. जिथे वेड्यासारखा गोल फिरतोय तिथून त्रास आहे. जिथे वर उभा राहतोय तिथून तुझ्या गळ्यात वारा जातोय.

मग जाड पुठ्ठ्याचा तुकडा तेवढ्या जागी डक्ट टेपने लाव आणि पुन्हा फिरून ये. आकार कमी-जास्त कर. माझ्या अनुभवात लोकांना वाटतं त्याच्या अर्ध्या आकाराने काम भागतं. तळहाताएवढा तुकडा योग्य जागी बसला तर ताटाएवढ्या चुकीच्या तुकड्याला भारी पडतो.

हिमालयनची एक सोय आहे. तिची काच आणि हेडलाइट हँडलबरोबर वळत नाहीत, चौकटीला पक्के असतात. त्यामुळे काचेवर किंवा टाकीच्या चौकटीवर काही लावलं तर वाऱ्याचा धक्का हँडलमध्ये येत नाही. फोर्कला किंवा हँडलला मोठा डिफ्लेक्टर लावलेल्या गाड्या वेगात डोकं हलवतात, मागे टॉप बॉक्स असेल तर जास्तच. तुझ्या गाडीच्या फोर्कवर तसेही रबरी बूट आहेत, तिथे क्लॅम्प मारायला जागा नाही, आणि चाक दोनशे मिलीमीटर वर-खाली जातं. तेव्हा चौकटच. २०२१च्या मॉडेलपासून ती चौकट आखूड केली आहे, तुझी जुनी लांब आहे, म्हणजे पकडायला भरपूर जागा.

आता दिव्यांचं. दिवे डिफ्लेक्टरच्या मागे ठेवू नकोस, पुढेच राहू देत. दोन कारणं. एलईडीच्या मागचे जे पंखांसारखे ॲल्युमिनियमचे दाते असतात ते हवेने थंड होतात. डिफ्लेक्टरच्या आडोशाला ठेवलेस तर दिवा तापतो आणि चांगल्या दिव्यात जे सर्किट असतं ते स्वतःच उजेड कमी करतं. स्वस्त दिव्यात ते सर्किट नसतं, तो सरळ मरतो. दुसरं कारण तू विचारलंसच, उजेड. पारदर्शक तुकड्याची कड दिव्याच्या झोतात आली की ती कड ट्यूबलाइटसारखी पेटते. आंबोलीत धुक्यात ती पेटलेली कड डोळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात सतत दिसत राहते.

उपाय सोपा. खालचे डिफ्लेक्टर पारदर्शक कशाला हवेत? त्यांतून तुला बघायचं थोडंच आहे? काळं, मॅट शीट घे. पारदर्शकच हवं असेल तर दिव्याकडच्या कडेला बोटभर मॅट काळी टेप मार.

आळशी_अजगर

नाना, दंडवत. आता ड्रिलचंही सांगून टाका, नाहीतर हा मनुष्य लाकडाचा बिट घेऊन सुरू होईल.

फिटर_नाना

सांगतो की.

तीन मिलीमीटर पॉलिकार्बोनेट घे. ॲक्रिलिक दिसायला सारखंच, स्वस्तही पडतं आणि गरम हवेने सहज वाकतं, पण गाडी पडली की त्याचे धारदार तुकडे होतात, आणि तुकडे मांडीजवळ असतात. पॉलिकार्बोनेट सहजी तुटत नाही. ते गार असतानाच व्हाइसमध्ये, मोठ्या गोलाईवर, हळूहळू वाकव. हीट गनने घाईत वाकवलंस तर त्यात मुरलेल्या ओलाव्याचे बुडबुडे येतात.

भोकं पाडताना दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, खाली लाकडाची फळी, ड्रिल हळू. बोल्टपेक्षा भोक दीड-दोन मिलीमीटर मोठं ठेव. उन्हात शीट फुगते, गारठ्यात आकसते. भोक घट्ट असेल तर तिथूनच केसासारखी चीर सुरू होते. कडेपासून भोक किमान बोल्टच्या दुप्पट आत. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर, आणि हाताने घट्ट झाल्यावर फक्त पाव फेरा.

सगळ्यात महत्त्वाचं: इथे लॉकटाइट (आट्यांना लावायचा डिंक) लावायचं नाही. नट सैल होईल या भीतीने लोक लावतात, आणि ते पॉलिकार्बोनेटवर ओघळलं की भोकाभोवती चिरांचं जाळं येतं. नायलॉक नट वापर, आत नायलॉनची कडी असलेला. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे, हे काहीच त्याच्यावर नको. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. टाकीच्या शेजारीच लावतोयस, तेव्हा पेट्रोल भरताना थेंब उडाला तर लगेच धू.

चौकटीला रबर लावलेले पी-क्लॅम्प, म्हणजे नळीभोवती बसणाऱ्या पट्ट्या. नळीची जाडी व्हर्नियरने मोजून घे, अंदाजाने आणलास तर पुन्हा दुकानात जाशील. पुढे इंजिनासमोर ऑइल कूलर आहे, त्याच्यावर येणारी हवा अडवू नकोस. मे महिन्यात घाटात चढताना कळेल का सांगतोय ते.

मु_पो_श्टुटगार्ट

नानांच्या पोस्टची वाचनखूण साठवली. लॉकटाइटचं इकडच्या दुकानदारांनाही माहीत नसतं.

वारंधा, क्लिप लावायला हरकत नाही, पण आधी सर्वांत खालच्या आणि जास्तीत जास्त आडव्या कोनात लावा, आणि एकेका खाचेने उभी करत जा. थेट उभी केली की थडथड वाढते आणि लोक परत करतात. इकडे असल्या प्रत्येक वस्तूला एबीई नावाचं मंजुरीपत्र लागतं, ते जवळ बाळगावं लागतं. तुमच्याकडे ती कटकट नाही.

रिले_शिवाय_नाही

कटकट नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. नानांनी सांगितलेल्या तळहाताएवढ्या तुकड्याला कोणी विचारणार नाही असं मला वाटतं. फॉगबद्दल मात्र विचारतात, आणि बरोबर विचारतात. लुकलुकणारे, निळे-लाल दिवे तर नकोच. पांढरे-पिवळेही समोरच्याच्या डोळ्यांत जात असतील तर घाटात तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येणार.

दिवे हलवणार असाल तर लेव्हल पुन्हा करा. भिंतीपासून २५ फुटांवर सपाट जागी गाडी उभी करा, तीही लेहला जाताना जेवढं सामान असेल तेवढं बांधून आणि स्वतः वर बसून. मोकळ्या गाडीवर लेव्हल केली तर सामानाने मागचा शॉकअप बसतो आणि दिवे आभाळाकडे बघतात. भिंतीवरची झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा तीन-चार इंच खाली हवी.

पिवळा का पांढरा हा वाद इथे सुरू करू नये ही विनंती. धुक्यात रंगापेक्षा दिवा खाली असणं आणि झोताची वरची कड साफ कापलेली असणं कितीतरी जास्त उपयोगी पडतं. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढंच.

कोयनेची_लेक

आणि इअरप्लग! एवढ्या चर्चेत कोणीच नाव काढलं नाही. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९५ डेसिबलच्या वर आवाज असतो, डिफ्लेक्टर कितीही भारी लावा. फोमचे बोळे घाला, हॉर्न ऐकू येतो, फक्त घोंघावणं जातं. संध्याकाळी जो थकवा येतो त्यातला निम्मा कानांचा असतो.

वारंधा_घाट

मंडळी, काम झालं. थोडक्यात लिहितो.

लोकरीच्या धाग्यांचा व्हिडिओ बघून थक्क झालो. मला वाटत होतं वारा क्रॅश गार्डकडून येतो. तिथले धागे सपाट होते. नाचत होते ते टाकीच्या चौकटीच्या पुढच्या टोकाचे, हेडलाइटच्या शेजारच्या मोकळ्या त्रिकोणातले. म्हणजे डिफ्लेक्टर फॉगच्या जागी यायचेच नव्हते, वीतभर वर यायचे होते. फॉग आहेत तिथेच राहिले, फक्त वायर चौकटीच्या आतून नेली आणि फ्यूज बॅटरीपाशी आणला.

पुठ्ठ्याने सुरुवात वहीच्या पानाएवढ्या आकाराने केली, कापत कापत पोस्टकार्डापेक्षा जरासा मोठा उरला. गळ्यात येणारा वारा जवळजवळ थांबला. गुडघे अजून गार पडतात, त्याला इलाज म्हणून थर्मल घातली. क्लिप तिसऱ्या खाचेवर ठेवली आहे. ९५पर्यंत हेल्मेट शांत, त्यापुढे थोडी थडथड आहे, पण ९५च्या पुढे मी फारसा जातही नाही. रात्री कात्रजच्या जुन्या घाटात जाऊन आलो, काळ्या शीटमुळे उजेड अजिबात मागे येत नाही.

एक शंका उरली. सध्या डावीकडचाच तुकडा पॉलिकार्बोनेटचा झालाय, उजवीकडे पुठ्ठाच आहे. डाव्याचाच नमुना उलटा करून उजवीकडे वापरू का?

फिटर_नाना

वरचा भाग वापर. खालची कड मात्र जागेवर धरून बघ. उजवीकडे सायलेन्सरचा बेंड खाली उतरतो. शीट दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडते आणि बेंड त्याच्याहून खूप तापतो. मध्ये चार बोटं मोकळी राहत असतील तर तसाच ठेव, नसतील तर खालचा कोपरा गोल काप. आणि कापलेल्या कडेवर पॉलिश पेपर मार, जॅकेट फाटेल.

कोयनेची_लेक

नाना, मलाही मापं हवीत. मला गळ्याचा त्रास नाही, पण पावसात याच त्रिकोणातून पाणी मांडीवर येतं.

फिटर_नाना

पाण्याला वेगळा आकार लागेल, खाली लांब आणि पुढे झुकलेला. जून लागायच्या आत गाडी घेऊन ये, पुठ्ठा मी आणतो.